तिसऱ्यांदा विचारा

माझ्या आईला एकदा विचारून चालत नाही. जेवायला, चहाला, पाण्याला, कशालाच नाही. तिला तीनदा विचारावं लागतं. आमच्या पासली गावात हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं, आणि कापूरहोळजवळच्या त्या शुश्रूषा केंद्रात एवढी शिकलीसवरलेली माणसं, पण एकालाही कळलं नाही. मी सांगूनही कळलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. शांतपणे लिहायचं ठरवलंय खरं, पण माझा गळा एसटीत तयार झालेला आहे. आवाज चढला तर चढला.

मी भोरला कंडक्टर आहे. खाकी गणवेश, खांद्याला पिशवी, हातात तिकिटाचं मशीन. माझी गाडी रोज कापूरहोळवरून पुण्याला जाते आणि परत येते. आई पासलीला माझ्या धाकट्या भावाकडं असायची. गेल्या श्रावणात गोठ्यापुढच्या चिखलात तिचा पाय सरकला आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "हाड मी बसवलंय, आता चालवायचं काम तुमचं. रोज व्यायाम, रोज उभं करायचं आणि पोटभर खायला घालायचं. अंगात ताकद राहिली तर कापणीपर्यंत चालायला लागतील."

आईनं बाकीचं सगळं सोडून कापणी तेवढी धरून ठेवली. भात कापायच्या दिवशी आपल्या पायानं खाचरापर्यंत जायचं, बांधावर बसायचं, आणि कोण कसं कापतंय ते बघून नावं ठेवायची. जो भेटेल त्याला ती हेच सांगायची. वॉर्डात झाडू मारणाऱ्या बाईलाही तिनं कापणीला यायचं आवतण देऊन टाकलं होतं.

पण पासलीत रोज व्यायाम घ्यायला कोण येणार? भाऊ आणि भावजय दोघंही दिवसभर शेतात. भोरातली माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना असा की धडधाकट माणसानंसुद्धा आडवं होऊन चढावं. आणि मी ड्यूटीवर. मग कुणीतरी त्या केंद्राचं सुचवलं. हायवेपासून थोडं आत, ढाब्यांच्या मागं, दोन मजली नवी इमारत. बाहेर मोठा बोर्ड: चोवीस तास परिचारिका, फिजिओथेरपी, सकस आहार, घरगुती वातावरण.

घरगुती! त्या शब्दावर आजही माझं डोकं फिरतं.

सुरुवातीला सगळं बरं दिसलं, उगाच खोटं कशाला बोलू. फरशी स्वच्छ, चादरी पांढऱ्या. आईला वरच्या मजल्यावर खिडकीजवळची कॉट मिळाली. खिडकीतून हायवे दिसायचा. मी ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, तो तिथून जाताना हॉर्न द्यायचा. आईला कुठली गाडी माझी ते कळायचं नाही, ती प्रत्येक लाल गाडीला हात करायची. फिजिओथेरपीचा मुलगा यायचा आणि वॉकर धरून तिला उभी करायचा. पहिल्या आठवड्यात ती कॉटपासून भिंतीपर्यंत गेली. फोनवर मला म्हणाली, "बाय, भितीला हात लावून आले. आता खाचार काय लांब न्हाई."

पुढच्या वेळी गेले तर तिची गालफडं बसलेली. मी म्हटलं, ऑपरेशनचा थकवा असेल. त्याच्या पुढच्या वेळी हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. फिजिओथेरपीचा मुलगा म्हणाला, "ताई, आजी उभ्याच राहत नाहीत. पाय थरथरतात. पोटात काही नसेल तर मी व्यायाम कसा घेऊ?" खाली सुपरवायझर मॅडमना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्ही दोन्ही वेळ देतो. त्या नको म्हणतात."

त्या दिवशी मी मुद्दाम जेवणाच्या वेळेपर्यंत थांबले. वाढायला एक मावशी होत्या, मार्गासनीकडच्या. सगळ्या मजल्याला त्या एकट्या. गाडा ढकलत आल्या. "आजी, भात वाढू?"

आई म्हणाली, "नको बाई, झालं माझं."

आणि गाडा पुढं गेला. आई त्या गाड्याकडं बघत राहिली. तो पार दाराबाहेर जाईपर्यंत बघत राहिली. अगं बाई गं, ही तर उपाशी आहे! ही रीतीनं नको म्हणतेय आणि ह्या लोकांना ते खरंच वाटतंय!

आमच्या घरातली ही रीत सांगायलाच हवी, नाहीतर कुणाला वाटेल म्हातारी हट्टी होती. लहानपणी कुणाकडं गेलो आणि त्यांनी पुढं केलेला लाडू मी लगेच उचलला, तर आई मांडीला असा चिमटा काढायची की डोळ्यांत पाणी यायचं. घरी आल्यावर शिकवण. पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा गप्प बसायचं. तिसऱ्यांदा घ्यायचं, तेही अर्धं. आग्रह सगळ्याच घरांत असतो, पण आईचा हा नियम साध्या आग्रहाचा नव्हता. तो तिला तिच्या आईकडून आला होता.

माझी आजी तरुणपणी डोक्यावर टोपली घेऊन गावात भाकरी मागायला जायची. आमच्या लोकांना तेव्हा तसंच जगावं लागायचं. गावाची कामं करायची आणि संध्याकाळी दारोदार उभं राहायचं, शिळंपाकं वरून टोपलीत पडेल ते आणायचं. मग आमच्या लोकांनी धम्म घेतला. त्या दिवशी आजीनं ती टोपली स्वतःच्या हातानं मोडून चुलीत घातली आणि त्याच जाळावर भात शिजवला. आई तेव्हा लहान होती, पण टोपलीच्या कामट्या कशा तडतडत होत्या ते ती अजून सांगते. भात वाढताना आजी पोरांना म्हणाली, "आता कुनाम्होरं हात पसरायचा न्हाई. कुनी दिलं तरी पयलं न्हाई म्हनायचं. मानानं दिलं तरच घ्यायचं." मान आहे की नाही ते कसं ओळखायचं? तर पुन्हा विचारतात का त्यावरून. ज्याला खरोखर द्यायचंय तो पुन्हा विचारतो. ज्याला टाकायचंय तो एकदाच विचारतो.

आई सगळा जन्म ह्या नियमावर जगली. तहान लागली म्हणून तिनं कधी कुणाकडं पेलाभर पाणीसुद्धा मागितलं नाही. आम्हीही ताठ मानेनं वाढलो ते त्यामुळंच, मला त्याचा अभिमान आहे.

मी तिच्या कॉटवर बसले आणि समजावलं. "आये, हितं मागायचं असतं गं. ही काय कुणाची मेहेरबानी न्हाई. आपण फुकट राहत न्हाई."

"फुकाट न्हाई म्हनून मागू व्हय? मी न्हाई मागायची. दिलं तर खाईन."

"देतात की! तूच नको म्हणतीस."

"एकदा इचारत्यात," आई म्हणाली. "इचारत्यात आन् पाठ फिरवत्यात. ते काय इचारनं हाय व्हय?"

मग हळूच दुसरं कळलं. ती पाणीही पीत नव्हती. लघवीला भांडं मागावं लागतं, आणि दुपारी भांडं द्यायला पुरुष माणूस असतो. त्यापेक्षा पाणीच नको. मी तांब्या तोंडाला लावला तर घटाघटा प्याली. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

तरातरा खाली गेले. सुपरवायझर मॅडमना सगळं सांगितलं. टोपलीचं नाही सांगितलं, ते कुणालाही सांगायचं नसतं. एवढंच म्हटलं, "माझी आई पहिल्यांदा नको म्हणते, पण तिला हवं असतं. तुमच्या माणसांना सांगा, तीनदा विचारा."

त्या हसल्या. खरंच हसल्या. "अहो मॅडम, हे काय लग्नाचं जेवण आहे का आग्रह करायला? आणि पेशंट नको म्हणाला तर आम्ही जबरदस्ती नाही करू शकत. तो पेशंटचा हक्क आहे."

"हक्क?" मी म्हटलं. "हक्क काय असतो ते माझ्या आईला नका शिकवू. तिला भात वाढा." माझा आवाज दोन्ही मजल्यांवर गेला असणार. मागं आपल्या आईला भेटायला आलेली एक बाई उभी होती, ती माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "बरं बोललात ताई." पण ती स्वतः मॅडमना काही बोलली नाही. तिची आई तिथंच राहायची होती ना.

मग मी मार्गासनीच्या मावशींना गाठलं. जिन्यात, गाड्याजवळ. त्यांना समजवावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, "आमची सासू बी तशीच व्हती. पर ताई, मला एका खाटंपाशी तीनदा इचारायला येळ कुठं हाय? शेवटच्या खाटंवर पोचस्तवर भात गार होतोय." तरी त्यांनी कबूल केलं. आईला सगळ्यात शेवटी वाढायचं, म्हणजे घाई नाही. आणि खरंच त्यांनी ते केलं. "आजी, भात?" "नको बाई." "आवं घ्या की वाईच." आई गप्प. "घ्याच आता, मी काय ऐकायची न्हाई." मग आई म्हणायची, "बरं, तुमचं मन मोडवत न्हाई म्हनून."

त्या दिवसांत आईच्या अंगावर मांस चढलं. वॉकर धरून ती दारापर्यंत गेली. मग दाराबाहेर व्हरांड्यात. मी गाडीतून बघितलं तर खिडकीत ती उभी होती. बसलेली नाही, उभी! मी भर गाडीत ओरडले, "ती बघा, माझी आई!" पाठीमागचे दोघंतिघं वाकून बघायला लागले. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. त्या दिवशी मी सुट्ट्या पैशांवरून कुणाशी भांडले नाही.

भाऊ म्हणाला, "आक्का, भात पोटऱ्यात आलाय, लोंब्या निघतील आता. आयेला सांग, तिच्या हातानंच पयला इळा लावू."

आणि मग मावशींना तिथून काढलं. का काढलं ते मला कुणी धड सांगितलं नाही. एक म्हणाली खालच्या मजल्यावर गेल्या, दुसरी म्हणाली सोडूनच गेल्या. त्यांच्या जागी कंत्राटी माणसं आली. आज एक, उद्या दुसरं. मी प्रत्येक नव्या माणसाला गाठून सांगायचे, तीनदा विचारा. ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी तिथं तिसरंच कुणीतरी असायचं. एक मुलगी तर मला म्हणाली, "आजीला भूक नसते हो, मी विचारते ना रोज."

आई पुन्हा कॉटवर आली. कॉटवरून उठेनाशी झाली. माकडहाडापाशी जखम झाली, तिच्यावर नुसती पावडर टाकलेली असायची. मी भावाला म्हटलं, हिला आणू या घरी. तो म्हणाला, "आगं, थोडं दिस ऱ्हायलंत, चालाय लागली की आणू. मदीच आणली तर पांगळी व्हईल." त्याचंही चूक नव्हतं. दोघांना एकच पाहिजे होतं, ती चालायला पाहिजे होती.

दिवाळी आली. दिवाळीत एसटीवाल्यांना कसली आलीय सुट्टी? गाड्या भरभरून चाललेल्या, मी एका गाडीतून उतरून दुसरीत चढत होते. केंद्रातून फोन आला तो भावाला. आजी अजिबात खात नाहीत, नाकातून नळी घालावी लागेल, नाहीतर धोका आहे. भावानं हो म्हटलं. कोण नाही म्हणेल? नळी घातली की पोटात अन्न जाईल, एवढंच त्याला कळलं. मलाही वाटलं, चला, आता विचारायचा प्रश्नच मिटला. हायवेवरून जाताना खिडकीत कुणी दिसत नव्हतं. मी मनाला सांगत होते, झोपली असेल.

भाऊबीज झाल्यावर एक फेरी रद्द झाली आणि मला मधे वेळ मिळाला. मी गणवेशातच रिक्षा करून केंद्रावर गेले. जिना चढताना आवाज ऐकू आला. कुणीतरी बारीक आवाजात एकसारखं काहीतरी म्हणत होतं. मला वाटलं, कुणी परकी म्हातारी असेल.

ती आई होती. तिनं नळी उपसून काढली होती म्हणून तिचे दोन्ही हात पट्टीनं कॉटच्या दांड्यांना बांधले होते. पुन्हा घातलेली नळी गालाला चिकटवलेली. मनगटांना वळ. डोळे उघडे होते, पण त्यांना मी दिसत नव्हते, माझी खाकी दिसत होती. तिला वाटलं, मी तिथलीच कुणीतरी आहे. बांधलेले हात तिनं जुळवायचा प्रयत्न केला, ते जुळेनात, तर बोटं तेवढी एकमेकांकडं वळवली आणि म्हणाली,

"ओ बाई... वाईच भात द्या की वो. एक घास द्या. आता मी न्हाई म्हननार न्हाई."

मी म्हटलं, "आये, मी हाय गं. आये!"

"न्हाई म्हननार न्हाई," ती म्हणाली. "पाया पडते बाई."

माझ्या आजीनं जाळलेली टोपली ह्या लोकांनी माझ्या आईच्या हातात परत दिली. एवढंच मला तेव्हा सुचलं, आणि आजही त्याच्यापुढं काही सुचत नाही. मी तिच्या हाताच्या गाठी सोडायला लागले तर एकजण धावत आला, "ओ मॅडम, हात नका लावू, सेफ्टीसाठी आहे ते." मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सुपरवायझर वर आल्या. म्हणाल्या, तुमच्या भावाची परवानगी आहे, आहार नळीतून व्यवस्थित चालू आहे, त्या उपाशी नाहीत. "मग ती भात का मागतेय?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ह्या वयात होतं असं. भ्रम होतो."

भावाला फोन केला. "टेम्पो घेऊन ये. आत्ता. कापणी सोड आणि ये." तो आला. आईला बघून त्याला राहवलं नाही. गडी माणूस, हमसून हमसून रडला. तुमच्या जबाबदारीवर नेताय असं लिहून द्या म्हणाले, दिलं लिहून. टेम्पोत गादी घातली आणि आईला पासलीला आणलं. वाटेत खाचरांतून भात कापून आडवा पडलेला होता. मी तिला म्हटलं, "आये, बघ, कापणी चाललीय." तिनं मान वळवली नाही.

वेल्ह्याच्या डॉक्टरनं नळी काढली, गिळता येतंय का ते बघितलं, म्हणाला, गिळण्यात काहीच दोष नव्हता. जखम भरता भरता थंडी संपली. पायांनी काही जोर धरला नाही. आई आता चालणार नाही, हे आम्हा सगळ्यांना कळलंय, तिलाही कळलंय. खाचराचं नाव ती काढत नाही.

मात्र जेवते. चांगली जेवते. येणारी बाया-माणसं बघून म्हणतात, "म्हातारीनं खाऊन पिऊन तब्येत केली हो, लेकीनं वाचवली." ओसरीवर तिची कॉट आहे. रस्त्यानं कुणी डबा घेऊन जाताना दिसलं तरी ती हात पुढं करते. शेजारच्या घरी बारसं होतं, त्यांनी ताट आणलं. ते ताट अजून त्यांच्याच हातात होतं, आईनं दोन्ही हातांनी ओढून घेतलं. शेजारीण हसली. "भूक लागली व्हय आजी," म्हणाली. भावजयही हसली. मी आत जाऊन चुलीपुढं बसले.

सुट्टीच्या दिवशी मी पासलीला जाते. नव्या तांदळाचा भात करते, वर तूप घालते, ताट घेऊन तिच्यापुढं बसते. विचारते, "आये, भात वाढू?" आणि थांबते. मुद्दाम थांबते. वाटतं, आज म्हणेल. नको बाय, झालं माझं, असं एकदा तरी म्हणेल. मग मी दुसऱ्यांदा विचारीन. ती गप्प बसेल. मग मी तिसऱ्यांदा विचारीन, हवं तर दहादा विचारीन, मला कुठं घाई आहे.

पण माझं विचारून व्हायच्या आतच तिचं तोंड घासासाठी उघडलेलं असतं.